पानावरचा दहीभात

कापलेल्या भाताचा वास यायला लागला की मी फाटकाशेजारचा दगड बघायला लागते. आज सकाळीही बघितला. कुत्र्यांसाठी कण्यांचं पातेलं चुलीवर चढवून बाहेर आले, आणि खालच्या खाचरांतून तो वास वर आला. ओलसर, गोडसर, नाकात किंचित टोचणारा. दिवाळी उलटून गेलेली, उन्हाला अजून धार आहे, पण सावलीत गेलं की पदर अंगाभोवती घ्यावासा वाटतो. तोरणा पावसाळाभर ढगात तोंड लपवून बसलेला असतो, तो आता अगदी स्वच्छ दिसायला लागलाय. या दिवसांत माणसांची मनं भरून येतात म्हणे. माझं मन भरून येत नाही, ते चौकशी करायला लागतं. दगडावर आज फक्त सागाचं एक वाळकं पान पडलं होतं. ते मी काठीनं उलटून बघितलं. खाली काही नव्हतं.

आत डांबऱ्या पेंढ्यावर पडून आहे. आमचा सगळ्यात जुना, काळाकुट्ट कुत्रा. त्यानं कालपासून खाण्याकडून तोंड फिरवलंय. तो बरा असता तर दगडाकडे माझ्या आधी पोचला असता.

संशय घेणं मी पगारावर शिकले. भोरच्या एसटी आगारात मी कंडक्टर होते, आणि भोर-वेल्ह्याच्या आडरस्त्यांवरच्या गाड्यांवर माझं निम्मं आयुष्य गेलं. मिसरूड फुटलेल्या मुलाला आई अर्ध्या तिकिटात बसवायची आणि अंगानं थोराड आहे म्हणायची. खिडकीला डोकं टेकून डोळे मिटलेला माणूस खरा झोपलाय की तिकिटासाठी झोपलाय, हे मला त्याच्या पापण्यांवरून कळायचं. सीटखालची पिशवी आपोआप हलली की आत कोंबडी आहे हे मी समोर न बघता ओळखायचे. नोकरी संपली, गणवेश पेटीत गेला, पण ही नजर काही पेटीत गेली नाही. देवळात पुजाऱ्यानं हातावर तीर्थ दिलं तरी मी आधी तांब्यात डोकावते.

अशा बाईनं जनावरांचा निवारा काढावा, हेही संशयास्पदच आहे. आगारातलं एक कुत्रं रिव्हर्स घेणाऱ्या गाडीखाली सापडलं, त्याचा पाय गेला, आणि त्याला मी घरी नेलं, एवढ्यावरून सुरुवात झाली. मग लोकांना कळलं की ही बाई नाही म्हणत नाही. चाळीतले शेजारी मात्र नाही म्हणाले. तेव्हा किसनभाऊ मदतीला आले. ते माझ्या गाडीनं भोरच्या बाजाराला यायचे, पुढच्या सीटवर बसून कधी जास्त न बोलणारा माणूस. उतरता उतरता ते म्हणाले की रस्त्याकडंचा माळ पडूनच हाय, घाला तुमची कुत्री तिथं. त्या एका वाक्यावर आमचा सगळा संसार उभा आहे. कागद नाही, सही नाही, साक्षीदार म्हणाल तर गाडीचा ड्रायव्हर, आणि त्याचं लक्ष रस्त्याकडे होतं.

निवाऱ्याला रीतसर नाव आहे, पण ते पाटीवरच राहिलं. गावात कुणी कुत्र्यांचं हॉस्टेल म्हणतं, कुणी कंडक्टरबाईचा कोंडवाडा. कुत्री, काही मांजरं, वीटभट्टीवरून आलेलं एक लंगडं गाढव आणि एका डोळ्यानं आंधळी शेळी. पैशाचं सांगायचं तर तो नसतो. नसण्याची सवय झाली की त्याचीसुद्धा एक पद्धत बसते. छपरावर पत्रे अर्धेच आहेत, उरलेल्या अर्ध्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स. वाढदिवस उलटला की चौकातून फ्लेक्स उतरवून आणायचे. त्यामुळे आमची आजारी कुत्री कुठल्या ना कुठल्या भावी नेत्याच्या जोडलेल्या हातांखाली झोपतात. पाऊस लागला की नेते गळतात आणि आम्ही खाली घमेली ठेवतो. पट्ट्या म्हणजे उकळून वाळवलेल्या जुन्या साड्या. शिवऱ्याला हायवेच्या कडेला जी हॉटेलं आहेत, त्यांतल्या दोन हॉटेलांचं उरलेलं अन्न दुधाच्या टेम्पोतून येतं. टेम्पोवाला भाडं घेत नाही. का घेत नाही, हे मी त्याला अजून एकदा तरी विचारणार आहे.

आता कुणी म्हणेल, देणाऱ्याच्या हाताकडे असं बघू नये. मी बघते, आणि त्याला कारण आहे. पानशेतकडे ज्यांचे शनिवार-रविवारचे बंगले आहेत, त्यांच्यातला एक जण एकदा कुत्र्यांच्या कोरड्या खाऊची मोठी पिशवी घेऊन आला. प्रत्येक कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळ्यांत पाणी आणलं, माझ्या पाया पडला. माझ्या जोडीला राबणारी मंगल म्हणाली, किती चांगला माणूस. मी म्हटलं, थांब. पुढच्या रविवारी सकाळी फाटकाला उंची जातीचं, कान सुजलेलं एक कुत्रं बांधलेलं होतं आणि शेजारी त्याच खाऊची पिशवी. तेव्हापासून कुणी जास्तच चांगलं वागायला लागलं, की मी आधी त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर काय बसलंय ते बघून येते.

मंगल माझ्याबरोबर पहिल्यापासून आहे. खालच्या आळीत बुद्धविहाराशेजारी तिचं घर. सकाळी येते, झाडलोट, सैपाक, जखमा धुणं, सगळं दोघी मिळून करतो. डांबऱ्यालाही आम्ही दोघींनीच सोडवलं. वेल्ह्याचा रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं, तेव्हा हे पिल्लू सांडलेल्या डांबरात रुतलं होतं. खोबरेल तेल चोळून चोळून दोघींचे हात सोलवटले. डांबर निघालं, पण पिल्लाचा रंग तोच राहिला. नखशिखांत काळं, छातीवर नाही की पंजावर नाही, पांढरा केस कुठं शोधून सापडायचा नाही.

या वासानं मला दरवर्षी नेऊन सोडतो तो हंगाम डांबऱ्या ऐन भरात असतानाचा. भात चांगलं आलं होतं. वाऱ्यानं खाचरं एका बाजूला कलायची आणि परत उभी राहायची, उन्हात त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आणि माणसं मात्र बिघडली होती. निदान मला तसं वाटत होतं. कापणीच्या तोंडावर आमच्या एका नव्या कुत्र्यानं किसनभाऊंची कोंबडी धरली. मी धावत गेले, चूक कबूल केली, तरी ते रागात बोलून गेले की उचला ह्ये समदं हितनं. दुसऱ्या दिवशी ते चहाला आले नाहीत. रोज दुधाचा रतीब घालून परतताना ते आमच्या चुलीपाशी टेकायचे, कप दोन्ही हातांत धरून. ते थांबलं.

मग एक पांढरी गाडी त्यांच्या दारात दिसायला लागली. आजूबाजूचे माळ त्या काळात भराभर तारेच्या कुंपणात चालले होते, आणि प्रत्येक कुंपणाआधी अशीच एखादी चकचकीत गाडी येऊन गेलेली असायची. गाडीतून उतरलेला तरुण माझ्या फाटकाकडे बघत मोबाईलवर बोलत उभा राहायचा. किसनभाऊंनी दावणीची बैलजोडी विकली. शेतकरी बैल का विकतो? शेतीतून हात काढून घ्यायचा असेल तर. त्यांची मंडळी, सुमनवहिनी, दिसेनाशा झाल्या. विचारलं तर माहेरी गेल्यात म्हणाले. भातकाढणीत कुठली बाई माहेरी जाते? एकेक पुरावा माझ्याकडे चालत येत होता आणि मी त्याला पंच मारून जागेवर बसवत होते.

मी घाबरले होते, हे सरळ सांगते. हा माळ गेला तर एवढी जनावरं घेऊन मी जाणार कुठं? गाढवाला चाळीचा जिना चढवणार? कुत्री भुंकतात, चावतात, वास येतो, या तीन वाक्यांत लोक मला दारातूनच वाटेला लावायचे. आणि निम्मी जनावरं अशी, की बाहेर सोडली तर आठवडाभरही जगली नसती. सकाळी फाटक उघडताना रोज वाटायचं, आज इथं दोरी लावून कुणीतरी माप घेत असणार.

त्यातच रानडुकरं उतरली. पीक तयार झालं की ती डोंगरातून खाली येतात आणि खाचर तुडवून जातात. कुणीतरी बांधावर विष कालवलेले पिठाचे गोळे ठेवले. डुकरं हुशार निघाली. आमची राणी नावाची कुत्री भोळी होती. तिचं डोकं मांडीवर घेऊन मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांची वाट बघत बसले, मंगल रस्त्यावर उभी राहिली. डॉक्टर आले तेव्हा त्यांना करायला काही उरलं नव्हतं. गोळे कुणी ठेवले ते वाडीत कुणी सांगेना. ज्याला विचारावं तो दुसऱ्याच्या बांधाकडे बघायचा. राणीला माळाच्या कडेला पुरलं, आणि त्या दिवसापासून माझ्या हातून न गेलेली कुठलीही गोष्ट कुणाच्या तोंडात जाऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं.

त्यानंतरच्या शनिवारी दिवेलागणीला फाटकाशेजारच्या दगडावर पळसाचं पान दिसलं. पानावर दहीभात, भातावर कुंकू, शेजारी लिंबू. आजाऱ्यावरून ओवाळून असा भात गावाच्या वेशीवर, तिठ्यावर ठेवतात, हे मी लहानपणापासून बघितलेलं. पण आमचं फाटक म्हणजे वेस नव्हे की तिठा नव्हे. कुणीतरी मुद्दाम आणून ठेवलं होतं. आमच्यासाठी ठेवलं होतं.

मंगलनं कमरेवर हात ठेवून ते पान निरखलं. ‘ताई, करणी-बिरणी काय नसतंय. आमी तसलं मानत न्हाई,’ ती म्हणाली. ‘पण इख असतंय. ते मानायला लागतंय.’

मी पानावर वाकून वास घेतला. भात चिकट होता आणि घमघमत होता. नव्या तांदळाचा भात लपत नाही. वाडीत अजून सगळ्यांची कापणीच चालली होती, झोडणी होऊन तांदूळ घरात आलेलं घर एकच होतं. किसनभाऊंचं. मी फावडं घेतलं, खड्डा केला आणि पान, भात, लिंबू सगळं मातीत घातलं. डांबऱ्या बाजूला उभा राहून शेपूट हलवत होता. कुत्र्याला संशय येत नाही, हे त्याच्यातलं मोठं वैगुण्य आहे.

पुढच्या शनिवारी पुन्हा पान. मंगळवारी पुन्हा. मी प्रत्येक वेळी पुरत गेले, आणि दिवेलागण झाली की डांबऱ्याला आत बांधून ठेवायला लागले. गंमत अशी, की याच दिवसांत कुंपणावरून पेंढ्याचे भारे मात्र नेमानं आत पडत होते. दर हंगामाला किसनभाऊ आम्हाला जनावरांच्या अंथरुणाला पेंढा द्यायचे, तसा तो याही वेळी आला, फक्त मुकाट्यानं. मी एकेक पेंढी सोडून, झटकून, उन्हात पसरून बघायचे. मंगल हसून म्हणायची की पेंढ्यात काय बॉम्ब ठेवलाय का. पेंढ्यात वाळकं गवत आणि टोळ निघायचे. तरी माझं समाधान व्हायचं नाही. हा माणूस एका हातानं पेंढा देतो आणि दुसऱ्या हातानं पान ठेवतो, तेव्हा खरा हात कुठला?

एका संध्याकाळी मी फाटकाच्या आतल्या बाजूला दबा धरून बसले. किसनभाऊ बांधावरून आले, पान उपरण्याखाली झाकलेलं. ते दगडाशी वाकले आणि मी फाटक उघडलं. मी विचारलं, हे कुणासाठी. ते म्हणाले, कुत्र्यासाठी. मी विचारलं, माझ्या कुत्र्याचा आताच का एवढा पुळका आला. ते पानाची कड सरळ करत राहिले.

‘एक घास खाऊन दाखवा, भाऊ. मग घालते कुत्र्याला.’

त्यांनी पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हात काही उचलला नाही. मग एवढंच म्हणाले, ‘ते न्हाई व्हायचं, ताई.’ आणि पान तिथंच ठेवून मान खाली घालून निघून गेले. विनातिकीट माणूस सापडल्यावर त्याचा चेहरा कसा पडतो, ते मी आयुष्यभर बघितलं होतं. हा तसाच पडलेला होता. मला आणखी पुरावा नको होता.

संशयाचं एक सुख असतं, ते कुणी कबूल करत नाही. एकदा तो पक्का झाला की जगातलं सगळं जागच्या जागी बसतं. गाडी का आली, बैल का गेले, बाई माहेरी का, माणूस बोलत का नाही, सगळ्याला एकच उत्तर. झोपसुद्धा बरी लागते. मी त्या दिवसांत सुखी नव्हते, पण माझ्या मनात कसला गोंधळ उरला नव्हता. वेल्ह्याला जाऊन ओळखीच्या माणसांना जागा विचारत फिरले. कुणी चहा पाजला, कुणी बघू म्हटलं. परत येताना गाडीच्या खिडकीतून दिसायचं, ठिकठिकाणी बायका ओळीनं वाकून कापणी करतायत, कुठं खळ्यावर पेंढ्या आपटल्याचा धप धप आवाज, कडेला कोंड्याचा ढीग. हे सगळं मी पहिल्यांदा परक्या माणसासारखी बघत होते. इथलं आपलं काही नाही, असं मनाशी म्हणून बघत होते, आणि रडू येत होतं त्याचा राग येत होता.

अमावास्येच्या दिवशी किसनभाऊ उजेडीच आले. ऊन अजून बांधावर होतं. अंगात धुतलेला सदरा, हातात उघडं पान. लपवाछपवी काही नाही. फाटकाशी उभे राहून म्हणाले की आज डांबऱ्याला सोडा, म्या हितंच उभा ऱ्हातो. मंगल हातातला खराटा टाकून जवळ आली. मी पुन्हा तेच म्हटलं, आधी तुमचा घास. त्यांनी पान माझ्यापासून जरा मागं घेतलं. ते बघून मला राणी आठवली. तिच्या तोंडावरचा फेस आठवला. डोकं फिरलं माझं. काय आहे ते आत्ताच्या आत्ता कळू दे, जिभेला कडू लागलं तर याला इथंच धरते, असा काहीतरी विचार असेल.

‘तुम्ही खात नाही ना, मग मी खाते.’ मी चिमूटभर भात उचलला.

किसनभाऊंनी माझं मनगट धरलं. आमच्याकडे परक्या बाईचा हात असा कुणी धरत नाही, आणि या माणसानं तर सुटे पैसे घेतानाही कधी माझ्या बोटाला बोट लागू दिलं नव्हतं. पान त्यांच्या हातून खाली पडता पडता मंगलनं सावरलं.

‘नगा खाऊ, ताई.’

‘विष आहे ना?’

‘इख न्हाई. दुखणं हाय. आमच्या हिच्यावरनं उतरून आणलंय. तुमाला लागंल.’

मग तिथंच उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, एखादं वाक्य सांगून झालं की मागं वळून बघत. वहिनी माहेरी नव्हत्याच, घरात आतल्या खोलीत होत्या. छातीत गाठ निघाली होती. पुण्याला नेऊन ऑपरेशन झालं होतं, पुढचे उपचार चालू होते. पांढरी गाडी पुतण्याची, तो पुण्यात ड्रायव्हर होता आणि मालकाकडून गाडी मागून आणून त्यांना ने-आण करत होता. बैल त्या दवाखान्यात गेले. बोलायचं नव्हतं, कारण पोरीचं लग्न जमत आलं होतं आणि आईला असलं दुखणं आहे कळलं तर लोक मागं सरतात. कुणा जाणत्यानं सांगितलं होतं की दहीभात ओवाळायचा आणि काळ्या कुत्र्यानं तो पानावर शीत न ठेवता खायला पाहिजे. अख्ख्या वाडीत पांढरा केस नसलेलं कुत्रं एकच होतं. ओवाळलेला घास माणसानं तोंडाला लावायचा नसतो. लावला तर दुखणं त्याच्याकडे जातं. मी त्यांना तेच करायला सांगत होते.

‘मला वाटलं, कोंबडीवरनं बोललो त्येचा राग धरून तुमी मातीत घालताय,’ ते म्हणाले. ‘ती रोज इचारती, खाल्लं का कुत्र्यानं. म्या खाल्लं म्हणून सांगतो.’

म्हणजे इकडे मी त्यांच्यावर पाळत ठेवून होते, आणि तिकडे बांधाआडून ते माझ्यावर. मला वाटत होतं हा माझी जनावरं मारतोय. त्यांना वाटत होतं ही माझी बायको मारतेय. मधे तो भात, नव्या तांदळाचा, प्रत्येक वेळी ताजा रांधलेला.

एवढं ऐकूनही माझ्या आतली कंडक्टर लगेच गप्प बसली नाही, हे सांगायला हवं. गोष्ट रचलेलीही असू शकते. विष घालणाराही ऐन वेळी माझा हात धरू शकतो. पण माझं मनगट अजून दुखत होतं. तुमाला लागंल म्हणताना त्यांच्या डोळ्यांत जी भीती होती, ती स्वतः पकडले जाण्याची नव्हती. ती माझ्यासाठी होती. मी मंगलकडे बघितलं. ती काही मानणारी नव्हे, पण तिनं पान दगडावर ठेवलं आणि आत जाऊन डांबऱ्याची साखळी सोडली.

डांबऱ्या धावत आला. त्याला एवढ्या दिवसांची थकबाकी वसूल करायची होती. त्यानं भात खाल्ला, दही चाटलं, लिंबू हुंगून सोडून दिलं, पानसुद्धा जिभेनं पुसून काढलं. हे जर खोटं निघालं तर मी स्वतःच्या हातानं याला घालवला, एवढंच डोक्यात होतं. किसनभाऊ पानाकडे बघत होते, एखादं शीत उरतंय का म्हणून. दोघंही त्या एका कुत्र्याच्या तोंडाकडे जीव मुठीत धरून बघत होतो, आणि दोघांची भीती वेगळी होती. पान स्वच्छ झालं. डांबऱ्यानं मान वर करून आणखी आहे का असं बघितलं. किसनभाऊ दगडावर बसले आणि टोपी काढून टोपीनंच तोंड पुसत राहिले. मंगलनं चुलीवर चहा ठेवला.

वहिनी बऱ्या झाल्या. पुण्याच्या डॉक्टरांनी केल्या, असं मी म्हणते. डांबऱ्यानं केल्या, असं किसनभाऊ म्हणतात. चहा पिताना आम्ही हा विषय टाळतो. माळ अजून आमच्याकडेच आहे. कागद अजून झालेला नाही, आणि मीही मागितलेला नाही. दर हंगामाला नवे तांदूळ घरात आले, की किसनभाऊ एक पायली दगडावर आणून ठेवतात, न ओवाळलेले, नुसते. मी ओंजळभर घेऊन वास घेते, दोन दाणे चावून बघते. ते बघतात आणि हसतात. राणीला कुणी मारलं ते मात्र कळलं नाही ते नाहीच. बांधावरून कुणी चाललं की मी अजून त्याच्या चेहऱ्याआधी हाताकडे बघते. ती नजर जायची नाही, आणि जायला नको आहे.

आज दुपारी सुमनवहिनी आल्या. पोरीचं लग्न होऊन ती आता आई झालीय. वहिनींच्या केसांत पांढरं बरंच आलंय, पण चालणं पूर्वीसारखं तुरुतुरु. डांबऱ्याची बातमी त्यांना कळली होती. तो फ्लेक्सच्या सावलीत, किसनभाऊंच्या ताज्या पेंढ्यावर पडलेला. खिळ्याला सलाईनची बाटली. डॉक्टर सकाळी येऊन गेले, वय झालंय म्हणाले, आज-उद्या खाल्लं तर बघू म्हणाले. डांबऱ्यानं वहिनींना ओळखलं, शेपटीचं टोक पेंढ्यावर एकदा आपटलं.

वहिनींनी कमरेचा पदर सोडला. त्यात भाकरीचा तुकडा होता. तो त्यांनी डांबऱ्यावरून ओवाळला, डोक्यापासून शेपटीपर्यंत, पुन्हा शेपटीपासून डोक्यापर्यंत, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत. मला हसू आलं. माणसावरचं कुत्र्याला घालतात, मग कुत्र्यावरचं कुणाला घालायचं, गाढवाला का, असं मी त्यांना विचारलं. त्या हसल्या नाहीत. पेंढ्यावर नीट मांडी घालून बसल्या.

‘माझं त्यानं खाल्लं व्हतं, ताई,’ त्या म्हणाल्या, आणि तुकडा तोंडात टाकला.

माझा हात पुढे कधी गेला मला कळलं नाही. मी त्यांचं मनगट धरलं होतं, बांगड्या माझ्या तळव्यात रुतत होत्या. थुंका वहिनी, असं मी दोनदा म्हटलं. त्या शांतपणे चावत राहिल्या, आणि गिळून झाल्यावर माझ्याकडे बघितलं.

‘तुमी तर ह्ये मानत न्हाई,’ त्या म्हणाल्या.

मी मानत नाही. तरी त्यांचं मनगट सोडायला मला बराच वेळ लागला.